मधल्या तळ्यापर्यंतची वाट

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. मला जिनं सांगितली तिलाही ते ठाऊक नव्हतं. तेव्हा राजा कोण होता, याच्याशी या गोष्टीला काही देणंघेणं नाही. डोंगर होते, रान होतं आणि रानात तळी होती, एवढं आपल्याला पुरे.

तळी काही मोठी नव्हती. या काठावरून खडा मारला तर त्या काठावर पडावा, इतकीच. एका तळ्यातून ओहोळ निघायचा तो दुसऱ्यात जायचा, दुसऱ्यातून तिसऱ्यात. माणसांनी त्यांना नावं ठेवली होती. वाडीच्या जवळचं ते पायरीचं तळं. मग लव्हाळी, मग हरणपाणी. एक होतं आरशी, कारण तिथं वारा शिरत नसे आणि जाता-येता बायका त्यात वाकून कुंकू सारखं करत. सगळ्यांच्या मध्यावर जे तळं होतं, त्याला नाव ठेवायचं मात्र कुणाला सुचलं नाही. ते नुसतंच मधलं तळं.

या तळ्यांच्या काठाकाठानं एक पायवाट जात होती. एका टोकाला अलीकडची वाडी आणि दुसऱ्या टोकाला पलीकडची वाडी. पलीकडचे लोक अर्थातच ही नावं उलटी घेत, आणि त्यावरून लग्नाच्या पंगतीत रुसवेफुगवेही होत. आपण अलीकडूनच निघू. सकाळी भाकरी खाऊन निघालेला माणूस दिवस कलताना पलीकडे पोचायचा.

पण पावसाळ्यात ही वाट नाहीशी व्हायची. डोक्याएवढं गवत उठायचं, कारवी माजायची, करवंदीचे काटे दोन्ही बाजूंनी एकमेकांना भेटायचे. मग पाऊस उघडला, की कंबरेला कोयता लावून माणसं रानात शिरत आणि वाट पुन्हा मोकळी करत. या कामाला त्या मुलखात एक शब्द होता. ते म्हणत, "वाट बघणं." नव्या नवरीकडं जसं घरातल्या मोठ्यांनी बघायचं, गाईवासराकडं जसं गुराख्यानं बघायचं, तसं वाटेकडं बघायचं. दिवाळीआधी एकमेकांना विचारणं व्हायचं, "काय, यंदाची वाट बघितली का?"

आता तुम्ही म्हणाल, वाट बघणं म्हणजे कुणाची तरी वाट बघत बसणं. तोही अर्थ होताच. त्या लोकांनाही दोन्ही अर्थ ठाऊक होते, आणि त्यांना त्यात कधी काही अडचण आली नव्हती. ज्याला कुणी यायला हवं असे, तो वाट मोकळी करायचा आणि मग उंबऱ्यात येऊन बसायचा. दोन्ही मिळून एकच काम होतं.

या कामाची वाटणी ठरलेली होती. अलीकडच्यांनी मधल्या तळ्यापर्यंतची वाट बघायची, पलीकडच्यांनी तिथून पुढची. तळ्याच्या काठावर शिवेचा एक दगड होता. त्या दगडापलीकडं दुसऱ्याच्या हद्दीतली काडीही कुणी तोडत नसे. का म्हणाल, तर तो अपमान. दुसऱ्याच्या अंगणात जाऊन झाडू मारण्यासारखं ते. शिवाय एक रीत फार कडक होती. ज्या बाजूची वाट बघितलेली नसेल, त्या बाजूला पाय टाकायचा नाही. वाट मोकळी, तर बोलावणं आहे. वाट रानात गेलेली, तर दार लावलेलं आहे, असं समजायचं.

तर अलीकडच्या वाडीत मल्हू नावाचा एक माणूस राहत होता. शिवणीच्या लाकडातून तो पळ्या, रव्या, काथवटी कोरायचा. आईबाप लवकर गेले होते, आणि मागं उरलेली धाकटी बहीण सगुणा त्यानंच वाढवली होती. तिची वेणी घालायलाही तो शिकला होता, आणि ती वेणी नेहमी एका बाजूला झुकलेली असे. पुढं सगुणेचं लग्न पलीकडच्या वाडीत झालं. मल्हूनं स्वतःचं लग्न उद्या करू, परवा करू म्हणत कधी केलंच नाही.

दर वर्षी पाऊस सरला, की मल्हू कोयता घेऊन मधल्या तळ्यापर्यंतची वाट बघायचा. मग भाऊबीजेच्या आदल्या दिवशी पलीकडच्या वाडीत जाऊन बहिणीला घेऊन यायचा. येताना ती तळ्यातळ्याला थांबायची, आरशीत कुंकू सारखं करायची, हरणपाण्यात पाय बुडवायची. तिच्या बडबडीनं सारं रान भरून जायचं. मल्हू फारसा बोलत नसे. त्याला वर्षभर पुरेल एवढं ऐकायचं असे.

एका वर्षी तो असाच न्यायला गेला. घर त्यानं शेणानं सारवून ठेवलं होतं, लाडूही स्वतःच वळले होते, आणि ते थोडे फुटत होते, म्हणून त्याला काळजी लागली होती. पण सगुणा दारात आली ती हातात काढ्याची वाटी घेऊन.

"दादा, यंदा नाही जमायचं रे," ती म्हणाली. "सासूबाईंनी अंथरूण धरलंय. गाय आज-उद्या विणार. मी निघू कशी?"

"बरं," मल्हू म्हणाला. त्याला बरं वाटलं नव्हतं.

सगुणेनं त्याला तिथंच पाटावर बसवून ओवाळलं. मग शिवेपर्यंत नाही, तरी गोठ्याच्या पुढंपर्यंत ती त्याला पोचवायला आली. त्याच्या पायाकडं बघत म्हणाली, "दर साली येतोस आन् जाताना लंगडतोस. लपवू नगंस, मला दिसतंय. पुढल्या साली न्यायला येऊ नगंस, दादा. तू फकस्त माझी वाट बघ. मी माझी येईन."

एवढंच ती बोलली. आणि मल्हूचं मन आधीच दुखावलेलं होतं. दुखावलेल्या माणसाला शब्दाचे दोन अर्थ ऐकवलेत, तर तो बरोबर त्याला सोयीचा उचलतो. मल्हूनं ऐकलं ते असं: घरी बस, येऊ नकोस, मला वाटलं तर मी येईन. परतीच्या वाटेवर मधल्या तळ्याशी येईपर्यंत त्यानं ते मनाशी इतक्यांदा घोळवलं, की त्यातला तिचा आवाज पुसला गेला आणि स्वतःचाच राहिला.

पुढच्या वर्षी पाऊस उघडला. मल्हूनं घर सारवलं, शिवणीची एक सुरेख पळी कोरली, तिच्या दांड्यावर सगुणेला आवडणारं कमळ काढलं, आणि तो उंबऱ्यात बसला. कोयता आकडीला टांगलेलाच राहिला. त्याच्या मनात आलं नाही असं नाही. आलं होतं. पण तो स्वतःशी म्हणाला, मला येऊ नको म्हणाली ना? मग रानात मी कशाला शिरू? जिला यायचं असेल तिला वाट सापडते.

शेजारच्या हिराईनं कुंपणावरून विचारलं, "मल्ह्या, बहिणीची वाट बघितलीस का रं?"

"रोज बघतोय की!"

"कुठवर झाली?"

"कुठवर काय? ती येईस्तोवर बघायची."

हिराईला कमी ऐकू यायचं. तिला वाटलं, हरणपाण्यापर्यंत तरी झाली असेल. "झालं मग," म्हणून ती आत गेली. तुम्ही हसलात, तर हसा. त्या दिवशी ती बाई कानानं धड असती, तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि मला ती सांगावीही लागली नसती.

भाऊबीज आली आणि गेली. सगुणा आली नाही. लाडू मल्हूनं एकट्यानं खाल्ले. पळी त्यानं भिंतीच्या खुंटीला लावली.

त्याच हिवाळ्यात हिराई लेकाबरोबर खाली सपाटीला राहायला गेली. बाकीची घरं तर आधीच एकेक करून उतरली होती. सपाटीला जमीन बरी होती, बाजार जवळ होता. मल्हूलाही त्यांनी चल म्हटलं.

"मी गेलो आणि ती आली तर?" तो म्हणाला. आणि तो मागं राहिला.

मग अलीकडची वाडी म्हणजे मल्हूचं एक घर. बाकीच्या घरांवरची छपरं आधी झुकली, मग बसली. संध्याकाळी चूल पेटवली, की डोंगराच्या त्या अंगाला तेवढाच धूर दिसायचा. लाकडी सामान घेऊन तो कधीतरी सपाटीला उतरायचा, मीठ-तेल घेऊन परत चढायचा. दोन दोन महिने त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. निघाला, तर तो भिंतीवरच्या पळ्यांशी. दर दिवाळीला तो एक नवी कोरायचा, आणि पळ्यांची रांग दारापासून चुलीपर्यंत पोचली होती.

"ही तुझ्या आरशीची," सगुणाच समोर असल्यासारखं तो त्यांना सांगायचा. "ही तू गाय विकलीस त्या साली केली." गाय विकल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण काहीतरी बातमी असावी म्हणून तो आपली स्वतःच करायचा.

राग हळूहळू गेला. राग गेल्यावर फार वाईट झालं. राग होता तोवर निदान दोघं होती, भांडायला सगुणा समोर असायची. आता उंबऱ्यात तो एकटा आणि समोर रान. कारवी एकदा फुलली, सारा डोंगर निळा झाला, मग सुकली. पुन्हा वाढली, पुन्हा फुलली. वाटेचं तोंड कुठं होतं, तेही आता झाडीत नीट सांगता आलं नसतं. तरी तो त्याच दिशेला तोंड करून बसायचा.

एका वर्षी दिवाळी तोंडावर आली आणि पळीला लाकूड मिळेना. घराजवळच्या शिवणी तोडून संपल्या होत्या. पायरीच्या तळ्याकडं एक जुनं झाड असल्याचं मल्हूला आठवत होतं. त्यानं फडक्यात भाकरी बांधली, कुऱ्हाड घेतली आणि कितीतरी वर्षांनी तो त्या बाजूला रानात शिरला.

झाड सापडलं, पण ते वठलेलं होतं. पुढं लव्हाळीवर एक शिवण दिसतेय असं वाटलं, तिथं गेला तर ते वेगळंच झाड निघालं. काट्यांनी अंग ओरबाडलं. कुऱ्हाडीनं फांद्या सारत, गुडघा धरत, तो जात राहिला. खरं सांगायचं तर लाकडाचं निमित्त त्याच्या मनातून कधी गळून पडलं, ते त्यालाही कळलं नाही. लव्हाळीच्या काठावर त्यानं एका खडकावर रात्र काढली. सकाळी हरणपाण्यावर आला, तर तिथं पाय बुडवायची ती सपाट शिळा शेवाळानं हिरवी झाली होती. तो शिळेवर थोडा वेळ बसला. पाय मात्र त्यानं पाण्यात घातले नाहीत.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा झाडी एकदम संपली आणि मधलं तळं समोर आलं.

"टिटीव्! टिटीव्! कोण ते? कोण ते?" काठावरच्या गोट्यांतून एक टिटवी ओरडत उठली. मल्हूच्या डोक्यावर तिनं दोन घिरट्या घातल्या. "अलीकडून कोण आलं? अलीकडून कुणी येत नसतं!"

"मी माणूस आहे, बाई. जरा पाणी पिऊ दे," मल्हू म्हणाला.

"माणूस पलीकडून येतं. ते बघ."

मल्हूनं वर बघितलं. शिवेच्या दगडापासून पलीकडं एक वाट जात होती. तिच्यावर यंदाच्या पावसाचं गुडघ्याएवढं गवत होतं, पण दोन्ही बाजूंची झाडं वर्षानुवर्षं छाटून मागं सारलेली होती. बैलगाडी जाईल एवढी मोकळी. शिवेच्या अलीकडं मात्र तो आत्ता जिथून बाहेर पडला, ते रान भिंतीसारखं उभं होतं.

"ही वाट कुणी बघितली?" त्यानं विचारलं.

"एक बाई आहे. माझी आई इथं अंडी घालायची तेव्हापासून ती येते. पाऊस उघडला की एकटी कोयता घेऊन कापत कापत इथवर पोचते. मग दिवाळीत ताट घेऊन येते, त्या दगडाशी बसते, आणि रानात बघून हाक मारते. दादा, दादा, करून. माझी पिल्लं दचकतात."

मल्हू दगडाजवळ गेला होता. दगडाच्या पलीकडच्या अंगावर दिव्याची काजळी धरली होती, आणि कुंकवाचे थर इतके चढले होते की बोट लावलं तर पापुद्रा निघेल.

"मग?" तो म्हणाला.

"मग काय? थोडा वेळ बसते. दिवा विझला की म्हणते, 'यंदाही दादानं वाट बघितली नाही.' आणि ताट उचलून परत जाते."

"बघितली नाही?" मल्हूचा आवाज चढला. "मी बघितली नाही? अगं, मी दुसरं केलं काय? रोज बघितली! उन्हाळ्यात, पावसाळ्यात, रोज!"

टिटवी खाली उतरली. मान वाकडी करून तिनं आधी त्याच्या मागच्या रानाकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"कुठून?" तिनं विचारलं.

मल्हूनं तोंड उघडलं. "उंबऱ्यातून," असं म्हणायला त्यानं उघडलं होतं. पण तो शब्द बाहेर यायच्या आधीच दुसरे शब्द आठवले. गोठ्याच्या पुढं उभी राहून, त्याच्या लंगड्या पायाकडं बघत ती बोलली होती ते. तू न्यायला येऊ नगंस. तू फकस्त माझी वाट बघ. मी माझी येईन. इतक्या वर्षांनी त्याला त्यात पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकू आला.

तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. टिटवीला माणसाच्या रडण्याची सवय नव्हती, ती दूर जाऊन उभी राहिली.

"तिनं कधी शीव ओलांडली नाही?" बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं.

"एकदा ओलांडली होती. त्या करवंदीपर्यंत गेली, पदर फाडून घेतला. मग थांबली. 'बोलावणं नसताना जाऊ कशी?' असं म्हणाली आणि मागं फिरली."

मल्हूनं डोळे पुसले. शिवेपलीकडं लागूनच असलेल्या जांभळीच्या फांदीला फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी टांगलेलं होतं. त्यानं हात लावला, तर फडकं सरकलं. आत तेल लावलेला कोयता होता, कोरा, पात्याला धार केलेली.

"हात लावू नकोस," टिटवी ओरडली. "तो तिच्या दादाचा आहे!"

मल्हूनं हात मागं घेतला. तो दादा मीच, असं सांगायला त्याची जीभ रेटली नाही. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "यंदा ती आली होती का?"

"यंदा अजून नाही," टिटवी म्हणाली. "तेच म्हणते मी, गवत एवढं वाढलंय. दिवाळी तर आली."

मल्हू उठला. गुडघा विसरून तो त्या मोकळ्या वाटेनं जवळजवळ पळत निघाला. त्याच्यासाठी कुणी एक काटाही शिल्लक ठेवला नव्हता. ओहोळावर पाय घसरू नये म्हणून दगड बसवलेले होते, आणि ते जवळजवळ होते, लंगडणाऱ्या माणसाच्या पावलाला बेतलेले. आरशीपाशी तो थांबला नाही. तिथं बघितलं असतं, तर त्याला एक म्हातारा दिसला असता.

दिवस कलताना तो पलीकडच्या वाडीत पोचला. सगुणेच्या अंगणात एक बाई तुळशीपाशी उभी होती. तीच हनुवटी, तसंच मान किंचित वाकडी करून बघणं. क्षणभर मल्हूला वाटलं, काही झालंच नाही, सारं स्वप्न होतं. पण ती सगुणा नव्हती. ती सगुणेची लेक होती, आणि तिच्या कडेवर मूल होतं.

तिनं त्याच्या ओरबाडलेल्या हातांकडं बघितलं, पायाकडं बघितलं.

"मामा?" ती म्हणाली.

मल्हूनं मान हलवली. "तुझी आई..."

"आई श्रावणात गेली, मामा." तिनं पदर डोळ्यांना लावला. "पाऊस उघडायची वाट बघत होती. म्हणत होती, एवढा पाऊस उघडू दे, वाट बघून येते, मग खुशाल झोपते."

तिनं त्याला पाटावर बसवलं, पाणी दिलं. त्याच दारात, जिथून तो रुसून निघाला होता. मग मल्हूनं जे विचारायचं ते विचारलं. "माझ्यावर राग होता का तिचा?"

"राग?" लेक म्हणाली. "बाबा रागवायचे. म्हणायचे, त्यानं वाट बघितली नाही म्हणजे त्याला तू नको आहेस. आई त्यांना म्हणायची, माझा दादा तसला नाही. त्याच्या कोयत्याला गंज चढला असेल. मग ती एक नवा कोयता करून आणायची आणि जांभळीला टांगून यायची. जुना झाला की पुन्हा नवा. दादा एक दिवस शिवेपर्यंत येईल, त्याचं हत्यार तयार हवं, म्हणायची."

बाळांनो, आणि बाळांच्या आजी-आजोबांनो, मल्हूच्या घरी आकडीला टांगलेल्या कोयत्याला खरोखरच गंज चढला होता. बहिणीनं भावाची कड घ्यायला जी सबब शोधली, ती खरी निघाली. भिंतीवरच्या पळ्या आणि जांभळीवरचे कोयते, दोघांनी एकमेकांसाठी किती केलं होतं! फक्त एकानं ते आपल्या घरात टांगलं आणि दुसरीनं अर्ध्या वाटेवर नेऊन.

मल्हू तिथं राहिला नाही. लेकीनं फार आग्रह केला, पण दुसऱ्या दिवशी तो परत मधल्या तळ्याशी आला. जांभळीवरचा कोयता त्यानं उतरवला. टिटवी ओरडली, घिरट्या घातल्या, मग काय समजायचं ते समजून गप्प बसली. आणि मल्हूनं शिवेपासून उलट, आपल्या घराच्या दिशेनं, वाट बघायला सुरुवात केली.

थंडी गेली, ऊन तापलं, तरी तो कापत होता. लव्हाळीच्या काठावर त्यानं दगड बसवले. हरणपाण्याची शिळा घासून काढली. पाऊस आला आणि केलेलं सारं झाकून गेला. पाऊस उघडला, त्यानं पुन्हा कापलं. दिवाळीच्या आत वाट त्याच्या अंगणाला येऊन लागली, शिवेपलीकडल्या वाटेइतकीच रुंद.

मग तो उंबऱ्यात येऊन बसला, आणि त्या वर्षी पहिल्यांदा त्याच्या बसण्याला काही अर्थ होता.

भाऊबीजेच्या दिवशी रानातून बोलणं ऐकू आलं. सगुणेची लेक आली, तिचा नवरा आला, पोरं आली. पोरं हरणपाण्यात भिजून आली होती. घर माणसांनी भरलं. लाडू त्यानं वळले होते आणि ते फुटत होते. पोरांनी भिंतीवरच्या पळ्या उतरवून घेतल्या आणि त्या एकमेकींवर आपटून वाजवत ती अंगणभर पळाली. मल्हू त्यांना रागावला नाही. कमळ काढलेली पहिली पळी तेवढी त्यानं खुंटीवरच ठेवली.

संध्याकाळी लेकीनं बघितलं, मामा अंगणाच्या टोकाला उभा आहे, जिथून वाट रानात शिरते तिथं.

"आता कुणाची वाट बघताय, मामा? सगळी आली की," ती म्हणाली.

"हो, सगळी आली," मल्हू म्हणाला, आणि तरी तो अंधार पडेपर्यंत तिथून हलला नाही. वाट अगदी मोकळी होती. शेवटपर्यंत स्वच्छ दिसत होती. आणि तिच्यावरून जी यायची होती, ती आता येणार नव्हती.

म्हणून, ज्याची वाट बघायची, त्याच्याकडं जाणारी वाट आधी आपल्या हातांनी मोकळी करावी.